हसुरामकाकांचा कमजोर लेझर

हसुरामकाका माझ्याशी बोलले ते पहिलंच वाक्य असं होतं, "मॅडम, तुमी भरतीत झोपता."

मी पनवेलला नुकतीच राहायला आले होते. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते आणि खाडीच्या बाजूला नव्याने उठलेल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. टेम्पोतून पलंग उतरत होता. तेवढ्यात शेजारच्या पोपटी रंगाच्या बंगल्यातून एक उंच, काटकुळा म्हातारा बाहेर आला. कमरेला लुंगी, अंगात बनियन आणि डोक्यावर हेल्मेट.

"पलंग त्या कोपऱ्यात लावताव ना? त्याच्या बरोबर खाली गुडघाभर पानी यायचं भरतीला. आमची मिठागरं व्हती इथं."

मी विचारलं, "काका, हेल्मेट कशाला?"

त्यांनी बोटाने वर दाखवलं. कुंपणाशी एक माड होता. त्याला अजून नारळ लागायचे होते.

"लागतील ना कंदीतरी," काका म्हणाले.

हे हसुरामकाका. धोका हा त्यांचा आवडता विषय. खुर्चीवर बसायच्या आधी ते तिला दोन्ही हातांनी हलवून बघत. पंख्याखाली झोपत नसत. टीव्हीशेजारी वाळूची बादली असे. मी एकदा अननसाचा शिरा नेऊन दिला, तेव्हा त्यांनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "आदी धोका बोला, मंग फायदा."

हे वाक्य ते कुठेही वापरत. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाकडचे लोक मुलाचा पगार, गाडी, स्वभाव सांगायला लागले. काकांनी हात वर केला. "आदी धोका बोला." मुलाचा बाप चाचरत म्हणाला, "घोरतो जरा." काका खूश झाले. "मानूस खरा हाय," म्हणाले, आणि लग्न तिथेच ठरवून टाकलं.

एकदा मी त्यांना विचारलं, ही सवय कुठून लागली. ते म्हणाले, "नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तवा समदे फायदेच बोलत व्हते, मॅडम. कोन खोटं बोलला नाय. पन अर्धंच बोलले." एवढंच. नंतर ते माझा गॅसचा पाइप तपासायला आत गेले.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे बोट दाखवणं. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून जो सापडेल त्याला ते जुनी मिठागरं दाखवत. आता तिथे इमारती, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर. काकांचा लांबच लांब हात पुढे जायचा आणि बोट थरथरायचं. "ती निली टाकी दिसते? तिच्या खाली. खाली नाय, जरा इकडं. तितं आमची उघाडी व्हती, भरतीचं पानी आत घ्यायचं दार. त्याच्या बाजूला रामा पाटलाचा बांध." माणसं त्यांच्या हाताला गाल लावून, एक डोळा मिटून बघायची आणि सुटका करून घ्यायला म्हणायची, "हां हां, दिसलं."

"काय दिसलं?" काका विचारायचे. इथे भलेभले नापास व्हायचे. मी तीनदा झाले.

हे चालू असताना त्यांच्या पत्नी, यमुनाकाकू, ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्या काकांच्या बोटाकडे कधीच बघत नसत. मान दुसरीकडेच. मला वाटायचं, चाळीस वर्षं हेच ऐकून बिचारी कंटाळली असेल.

एके दिवशी काका धावतच माझ्याकडे आले. हेल्मेट न घालता. म्हणजे गोष्ट मोठी होती.

"मॅडम, मना हिरवा ठिपका पायजे!"

झालं होतं असं, की काका एका बिल्डरच्या ऑफिसात सहज डोकावले होते. तिथे टेबलावर नव्या संकुलाची प्रतिकृती मांडली होती आणि एक टायवाला पोरगा हातातल्या पेनासारख्या दांडीने त्यावर हिरवा ठिपका पाडत सांगत होता, इथे क्लबहाउस, इथे पोहायचा तलाव. "त्या तलावावर ठिपका पडला ना, मॅडम, ती आमची उघाडी! बरोब्बर तीच! बोट नाय, हात नाय, नुस्ता ठिपका. समद्यांना एकदम दिसला."

"त्याला लेझर पॉइंटर म्हणतात, काका."

"हां. तो. आता धोका बोला."

मी फिजिक्सची शिक्षिका. एवढा चांगला विद्यार्थी मला आजवर मिळाला नव्हता. मी सांगितलं, की किरण थेट डोळ्यात गेला तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, आणि आरशावरून, काचेवरून, स्टीलच्या भांड्यावरून उलटलेला किरणही तसाच. ताकद मिलिवॅटमध्ये मोजतात. घरगुती वापराला एक मिलिवॅटच्या आतला बरा. गाडीवर, माणसावर, विमानावर कधी मारायचा नाही. आणि हिरव्यात एक छुपी भानगड असते. आत आधी न दिसणारा अवरक्त प्रकाश तयार होतो, त्यातून हिरवा निघतो. स्वस्त मालात तो अडवणारी गाळणी नसली तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो.

काकांनी शेवटच्या मुद्द्यावर मान डोलावली. "दिसत नाय त्यालाच जास्त भ्यायचं."

आम्ही एसटी स्टँडजवळ एका हातगाडीवर गेलो. तिथे घड्याळं, टॉर्च, कानकोरणी आणि लेझर असा संसार मांडला होता.

"काका, ये लो! फुल पॉवर! पाच किलोमीटर जातो! माचिस पेटते, फुगा फुटतो. फोडून दाखवू?"

"माचिस पेटते," काका म्हणाले, "तर डोल्याचं काय होल?"

"अरे काका, डोळ्यात कोण मारतो!"

"फुगा तरी कोन मारतो?"

गाडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. शेवटी त्याने त्यातल्या त्यात कमी ताकदीचा, चिठ्ठीवर पाच मिलिवॅट लिहिलेला एक काढून दिला. काकांनी तो विकत घेतला, पण चालू केला नाही. "चिठ्ठी काय, कोन पन चिकटवतो. मोजायला कुठं मिलल?"

माझा एक वर्गमित्र जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. त्याच्या प्रयोगशाळेत प्रकाशाची ताकद मोजायचं यंत्र होतं. आम्ही गेलो. काका ग्रिलवाल्याकडून वेल्डिंगचा मुखवटा मागून घेऊन आले होते. त्याच्या काळ्या काचेतून त्यांना काहीही दिसत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि एकसारखं विचारत होते, "चालू केला का?"

चिठ्ठीवर पाच होतं. यंत्राने चाळीसच्या वर दाखवलं.

मित्र हसला. मीही हसले. काकांनी मुखवटा काढला, आकडा बघितला, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते स्टुलावर बसले. या वेळी स्टूल हलवून न बघता.

"मी योच घरी नेला असता," ते म्हणाले. "तिला तर एकच डोला हाय."

मला कळेना. "कुणाला?"

"यमुनेला. एक गेला साखरेच्या बीमारीनं. दुसरा पन चाललाय. डॉक्टर बोलतो, किती दिवस, सांगता येत नाय. मी फाटकाशी समद्यांना दाखवत बसतो, पन तिला बोट दिसत नाय. हाताच्या पुढचं समदं धुकं हाय तिला. चमकतं त्येवढं दिसतं. दिव्याची वात दिसते." त्यांनी लुंगीच्या टोकाने नाक पुसलं. "आमी दोघं त्या मिठागरात काम केलंव. तिला शेवटचं एकदा दाखवायचं हाय, कुठं काय व्हतं. टॉर्चला लाल कागद लावून भिंतीवर मारला व्हता मागं एकदा. नाय दिसला तिला. म्हनून हिरवा."

ओट्यावरची ती वळलेली मान मला आठवली. मी तिचा काय काय अर्थ लावला होता! मित्राने तो चाळीसवाला पेन घेतला, आतले सेल काढले आणि कपाटात ठेवून दिला.

पुढच्या रविवारी आम्ही वाशीला एका प्रोजेक्टरच्या दुकानात गेलो. विक्रेता उत्साही होता. "सर, कोणतं मॉडेल? जास्त रेंजचं दाखवू?"

"सगल्यात कमजोर कंचा?"

"सर?"

"दुबला. मरतुकडा. ज्याच्यात काय दम नाय."

विक्रेत्याने आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. पण त्याने आतून एक आणला. कंपनीच्या वेष्टनात, अंगावर 'वर्ग दोन' आणि 'एक मिलिवॅटपेक्षा कमी' असं कोरलेलं. बटण दाबून धरलं तरच चालू, सोडलं की बंद. काकांना ते फार आवडलं. "मानूस पडला तर आपोआप इझतो," ते म्हणाले. तोही आम्ही परत येऊन मित्राच्या यंत्रावर मोजला. लिहिल्याप्रमाणेच निघाला. अवरक्तही काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मित्राकडे पेढे पोचले, मुलगा पास झाल्यावर पाठवतात तसे. मग काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. भिंतीवर पडलेला एवढा कमजोर ठिपका लांबून बघायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आता उन्हात एवढा दुबळा ठिपका दिसणार कसा? आणि फाटकातून रस्त्यावर लेझर मारायचा नाही, हे तर मीच शिकवलेलं. म्हणून मी संगणकावर त्या भागाचा जुना उपग्रह फोटो शोधून दिला. इमारती उठायच्या आधीचा. मिठागरांचे चौकोन अगदी स्पष्ट होते. काका तो घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले.

"फोटो कुणाचा टाकायचा, दादूस?" फ्लेक्सवाल्याने विचारलं.

"कुनाचा नाय. जमिनीचा."

ते त्याला पटलं नाही. फ्लेक्स आला तेव्हा एका कोपऱ्यात गॉगल लावलेले हसुरामकाका हात जोडून उभे होते आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं होतं. काकांनी त्यावर कॅलेंडर चिकटवलं.

कार्यक्रम त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, दुपारी ठेवला. मी जरा लवकर गेले आणि दारातच थबकले. घरातला प्रत्येक आरसा उतरवलेला. काचेचं शोकेस चादरीखाली. टीव्हीवर गोधडी. लग्नाचा फोटो भिंतीकडे तोंड करून. स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी सुद्धा टॉवेलांनी झाकलेली. खिडक्यांना घोंगड्या लावून खोली अंधारी केली होती.

काकूंना त्यांनी समोर, भिंतीपासून आठ-दहा फुटांवर बसवलं. स्वतः बाजूला उभे राहिले आणि ठिपका पाडला.

"दिसतो?"

काकांनी ठिपका जरा इकडे, जरा तिकडे हलवून बघितला.

"दिसतो ना, अवो," काकू म्हणाल्या. "हलवू नका."

मग काका सुरू झाले. फाटकाशी मी त्यांना शंभरदा ऐकलं होतं, पण हा माणूस निराळाच होता. ही उघाडी. हा मधला बांध, इथं तुझा पाय घसरला आनि मीठ पान्यात गेलं. ही झोपडी, इथं आपन भाकरी खायचो. काकू हसत होत्या, मधूनच त्यांना दुरुस्त करत होत्या. "नाय, झोपडी त्याच्या पलीकडं. तुमी इसरलात." काका ठिपका सरकवायचे. अर्धा तास गेला.

मग काकू म्हणाल्या, "आता माजं माहेर दाखवा."

काका थांबले. त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. काकूंचं माहेर खाडीपलीकडे, उरणच्या बाजूला. आता तिथे कंटेनरचं आवार आहे. आणि फोटो कापताना आम्ही फक्त मिठागरं धरली होती. खाडीच्या अलीकडेच फ्लेक्स संपत होता.

चूक माझीच होती. "काकू, ते," मी बोलायला लागले, पण काकांनी डाव्या हाताने मला गप्प केलं.

ठिपका फ्लेक्सच्या कडेपाशी गेला. कडेवरून खाली उतरला. आणि कोऱ्या, नुसत्या चुन्याच्या भिंतीवर जाऊन थांबला.

"ही खाडी उतरलो आपन," काका म्हणाले. "हा धक्का. इथं तुझा बापूस होडी बांधायचा. हितून वर चढलं का चिंच. चिंचेच्या मागं तुमचं घर, दोन पडव्यांचं. होलीला मी आलो तवा तुझी आय ह्या पडवीत बसली व्हती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकूंना फ्लेक्स मुळात दिसतच नव्हता. त्यांना आतापर्यंत दिसत होता तो फक्त ठिपका.

"जरा वर घ्या," काकू म्हणाल्या. "विहीर घराच्या वरच्या अंगाला व्हती."

काकांनी हात वर नेला.

"अजून."

ठिपका भिंतीवर वर सरकला.

"हां. तितं." काकू पुढे झुकल्या. बराच वेळ त्या तशाच बघत राहिल्या. "आता तितंच राहू द्या थोडा येल. अंगठा दुखला तर बोला."

"नाय दुखत," हसुरामकाका म्हणाले.