फुमिएबाईंचं सूप

काराझावा तोकुजीचं ब्लडप्रेशर गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं, आणि याचं कारण त्याची बायको. फुमिए ही गावच्या 'मीठ कमी करा' मंडळाची अध्यक्ष. दारोदार फिरून लोकांच्या लोणच्यांवर टाच आणणारी बाई, आणि तिच्याच घरात नवऱ्याचं प्रेशर छपराला भिडलेलं. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी "आता हृदयावर येईल हं" असं म्हटलं, त्या दिवसापासून तोकुजीच्या ताटातलं खारवलेलं सगळं गेलं. मुळ्याचं लोणचं गेलं, खारी मासळी गेली आणि नूडल्सचा रस्सा प्यायची मुभाही गेली. पस्तीस वर्षं डोंगरातल्या घाटात बस चालवलेला माणूस, पण बायकोपुढे त्याने ब्रेक लावला.

आज मंडळाचा वार्षिक चाखण्याचा कार्यक्रम होता. समाजमंदिरात सगळं गाव जमणार आणि फुमिएचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट वाटणाचं, सूप पिणार. गेल्या वर्षीही जमलं होतं. लोकांनी "वा, वा, छान!" म्हणत भरलेले वाडगे तसेच मागे ठेवले होते. घरी येऊन फुमिएने ते सगळं सूप मोरीत ओतलं आणि रात्रीचं जेवण न जेवताच झोपली. तोकुजीला ते अजून सलत होतं.

म्हणून सकाळी फुमिए खुर्च्या मांडायला सभागृहात गेली, तेव्हा तो समाजमंदिराच्या स्वयंपाकघरात शिरला. मोठ्या पातेल्यात सूप मंद उकळत होतं. चाखून बघितलं, तर त्याला चव चांगली लागली. हेच त्याला धोक्याचं वाटलं.

"मला अळणीची सवय झालीय," तो स्वतःशी पुटपुटला. "पण ते म्हातारे? पुन्हा तसेच वाडगे ठेवतील."

फळीवरची सोया सॉसची बाटली त्याने उचलली, डोळे मिटले आणि हात सैल सोडला. बायकोच्या अब्रूचा प्रश्न होता. मोजून मापून चालणार नव्हतं.

अकराला कार्यक्रम सुरू झाला. पहिला वाडगा वॉर्डप्रमुख मियासाकाला. त्याने घोट घेतला, डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तो म्हणाला, "वहिनी, काय चव आहे!" मग त्याने शेजारच्याचा चहा उचलून पिऊन टाकला. पाठोपाठ सगळं सभागृह "वा, वा" करू लागलं. चहाच्या किटल्या भराभर रिकाम्या होत होत्या. तोकुजीनेही एक घोट घेतला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. आपण बाटली सैल सोडली होती खरी, पण इतकी?

फुमिएचा चेहरा मात्र उजळला होता. "बघा! मीठ कमी असलं तरी चव येते की नाही?"

"येते! येते!" लोक घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मोमोसेताई, मोजून दाखवा सगळ्यांना."

आरोग्य केंद्राच्या नर्स मोमोसे यांच्याकडे खारटपणा मोजायचं छोटं यंत्र होतं. का कोण जाणे, त्या जागच्या हलेनात. फुमिएने हात धरून उठवलं, तेव्हा कुठे त्यांनी यंत्र सुपात बुडवलं. आकडा बघून त्यांनी ते झटकलं, पुसलं, परत बुडवलं.

"बॅटरी गेली असेल," त्या क्षीणपणे म्हणाल्या.

फुमिएने यंत्र हिसकावून घेतलं. ठरलेल्या मर्यादेच्या दुप्पट! तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तोकुजी उभा राहिला. "अगं, मी घातला. सोया सॉस. मागच्या वर्षीसारखं होऊ नये म्हणून."

"अहो, तुम्ही? तुमचं प्रेशर माहीत असून?"

"थांबा वहिनी, दादाला एकट्याला बोलू नका," मियासाका खाकरला. "पातेलं बाहेर आणताना मी चाखलं. तेव्हा म्हटलं, जरा मिसो… डावभर. म्हणजे दोन डाव."

"दादाने सॉस ओतल्यावरही तुला अळणी लागलं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी घरून सकाळी लोणचं खाऊन आलो होतो!"

सभागृहात हशा उसळला. फुमिए हसली नाही. तिने मोमोसेताईंकडे पाहिलं. ताई यंत्राच्या रिकाम्या डबीचं झाकण उघडझाप करत होत्या.

"ताई?"

"चिमूटभरच हो," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही इतक्या राबता. वाईट वाटलं मला."

फुमिएने यंत्र ताईंच्या हातात परत दिलं. मग तिने बाह्या वर केल्या. "आणा गरम पाणी. आणि ज्यांच्या मळ्यात मुळे आहेत त्यांनी उठा. टोफूही आणा मिळेल तेवढा."

एका पातेल्याची दोन झाली. वाफा निघू लागल्या, लोक पुन्हा रांगेत आले आणि या वेळी चहा न मागता प्याले. "आता जमलंय," मियासाका म्हणाला. दोन म्हाताऱ्यांनी वाडगे पुन्हा पुढे केले.

तोकुजीने घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "अजून जरा खारटच आहे."

मोमोसेताईंनी यंत्र बुडवलं, आकडा बघितला आणि मान डोलावली. "खरंच. किंचित जास्त आहे."

"दादा," मियासाका हळहळला, "तुमची जीभ कामातून गेली हो!"

"गेली," तोकुजी खरोखरच दुःखाने म्हणाला. "बायकोने घालवली."

फुमिएने हसू दाबत गरम पाण्याची किटली त्याच्या हातात दिली. "घाला मग. आणि या वेळी मला दिसेल असं घाला."