साडेअकराला अपग्रेड, चारला मुलाखत

"त्यात काय एवढं?" असं उज्वला म्हणाली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. तिच्या एका हातात लाटणं होतं आणि कडेवर अडीच वर्षांची लेक, हर्षाली. जी बाई एका हाताने गोल पोळी लाटते, ती दोन हातांनी कॉम्प्युटरची सिस्टीम बदलू शकणार नाही, हे तिला त्या घडीला ब्रह्मदेवालाही पटवता आलं नसतं.

तिच्या नवऱ्याचं, महेशचं म्हणणं एवढंच होतं, की खाली दुकान असलेल्या गोरक्षभाऊंना बोलवावं. मुलाखत आजच आहे, उगाच जोखीम कशाला. त्यावर उज्वलाने तव्यावरची पोळी अशी काही उलटली, की महेशने डबा उचलला आणि सातपूरच्या कारखान्याची वाट धरली.

तिचंही काही चुकत नव्हतं. लग्नानंतर तीन वर्षं तिने एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळली होती. चाळीस मशीन. त्यातलं एक रोज रुसायचं आणि रोज ती त्याची समजूत काढायची. मग हर्षाली झाली, नोकरी सुटली, आणि पुढची अडीच वर्षं तिने जे काही दुरुस्त केलं त्यात खेळण्यातली बदकं आणि सर्दीने चोंदलेलं नाक एवढंच होतं. पोर झोपली की ती अर्ज करायची. अकरा ठिकाणी केले. दहा ठिकाणांहून साधं 'नाही'सुद्धा आलं नाही. अकरावी कंपनी गंगापूर रोडवरची. काम घरूनच करायचं होतं: गावोगावच्या शाळांतले कॉम्प्युटर अडले, की तिथल्या शिक्षकांना फोनवरून वाट दाखवायची. मुलाखत चार वाजता, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, पडदा त्यांना दाखवत. अट एकच, मशीनवर नवी सिस्टीम हवी.

नोकरी मिळावी हे तर होतंच. पण उज्वलाचा खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो तिने कोणाला सांगितला नव्हता. आपल्याला अजून येतं का? की ते सगळं बाळाच्या दुपट्यांबरोबर घडी घालून कपाटात गेलं?

साडेअकराला हर्षाली झोपली. उज्वलाने टेबल पुसलं आणि मोठ्या दूरदृष्टीने एक काम केलं. हर्षाली मध्येच उठली, तर पहिली धाव कीबोर्डवर घेणार. म्हणून तिने कीबोर्ड उचलला आणि पडद्यामागे भिंतीला उभा करून ठेवला. मग माऊसने बटण दाबलं. पडद्यावर टक्के चढायला लागले. पंचवीस झाले तेव्हा तिने भाजी फोडणीला टाकली, साठ झाले तेव्हा कपडे वाळत घातले. शंभराला पहिला टप्पा संपून मशीन आपणहून बंद झालं, आपणहून चालू झालं, आणि नवी सिस्टीम यायच्या जागी एक करडं पान येऊन बसलं.

ते सेटअपचं पान होतं. मशीनच्या आतल्या मांडणीचं. सुरू होतानाच कोणी डिलीटची कळ दाबून धरली तरच ते येतं, एरवी माणसाला जन्मभर दिसत नाही. उज्वलाने कीबोर्ड पुढे ओढला, बाहेर पडायचा हुकूम दिला. मशीन बंद झालं, चालू झालं. पुन्हा तेच पान. पुन्हा हुकूम, पुन्हा तेच. सहाव्या वेळी तिला वाटलं, दारातून वाटेला लावलेला पाहुणा मागच्या दाराने येऊन परत ताटावर बसतोय.

एक वाजता महेशचा जेवणाच्या सुट्टीतला फोन आला. बंद करून चालू करून बघ, म्हणाला. उज्वलाने डब्यातली भाजी छान झाली का, एवढंच विचारलं.

मग तिने शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीला, तृप्तीला पुण्याला फोन लावला. तृप्ती आता मोठ्या कंपनीत होती आणि मोठ्या कंपनीतल्या भाषेत बोलायची. तिने सात शक्यता सांगितल्या आणि प्रत्येक शक्यता आधीच्यापेक्षा भयंकर होती. सातवीत तर मशीन टाकूनच द्यावं लागणार होतं. उज्वला सगळं हर्षालीच्या चित्रकलेच्या वहीत लिहून घेत होती, हत्तीच्या पोटात जागा होती तिथे. फोन ठेवताना तृप्ती अगदी मायेने म्हणाली, "अगं, इतकी वर्षं टच नसला की होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

उज्वलाने मनाला लावून घेतलं.

तिच्या सासूबाईंना, कुसाबाईंना, कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे. पण सुनेच्या पाठीवरून तिच्या चेहऱ्याचा अंदाज त्यांना बरोबर यायचा. मघापासून त्या दारात उभ्या राहून मटार सोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लय आजारी हाय का गं ते?"

"नाही आई, होईल."

होईल हा शब्द सुनेने असा काढला, की कुसाबाईंनी मटार खाली ठेवले आणि जिना उतरल्या. आपण मदत करतोय याची त्यांना पक्की खात्री होती. दहा मिनिटांत त्या गोरक्षभाऊंना घेऊन वर आल्या. भाऊंच्या खालच्या, मखमलाबाद नाक्यावरच्या दुकानावर मोबाईल, कॉम्प्युटर, मिक्सर अशी पाटी होती, आणि ते तिन्ही गोष्टींकडे एकाच नजरेने बघत.

"वहिनी, आधी बोलवायचं ना," असं म्हणत गोरक्षभाऊंनी कॉम्प्युटरचा डबा आडवा केला आणि पेचकस चालवला. आतली धूळ बघून जीभ टाळ्याला लावून च्च केलं. उज्वलाला वाटलं, आपलं माजघर कोणी परक्याने उघडून बघितलंय. मग त्यांनी आतली मेमरीची पट्टी, रॅम, उपसून काढली, खिशातून खोडरबर काढलं आणि तिची पितळी कडा घासायला लागले. दुरुस्तीवाल्यांचा हा रामबाण उपाय. उज्वलाही शाळेत हेच करायची.

एवढ्यात हर्षाली उठली.

ती उठली, आली, सगळ्यांकडे पाहून हसली, आणि कोणीतरी तिला घ्यावं म्हणून हात वर केले. तिला घेण्यात, पाणी देण्यात, चड्डी बदलण्यात पाच मिनिटं गेली. गोरक्षभाऊ दरम्यान फोनवर कोणाला तरी मिक्सरचं भांडं उद्या देतो म्हणून सांगत होते. फोन ठेवून पाहतात तर खोडरबर जागेवर आणि पट्टी गायब.

मग जे सुरू झालं त्याला शोध म्हणावं की झडती, हे सांगणं कठीण. गोरक्षभाऊ पलंगाखाली आडवे झाले. कुसाबाईंनी मटारची सालं एकेक करून पाहिली. उज्वलाने आधी हर्षालीचं तोंड उघडून बोट फिरवलं, मग पोट चाचपलं, आणि बोटभर लांबीची पट्टी गिळता येणार नाही हे स्वतःला तीनदा सांगितलं. अडीच वाजले. पावणेतीन वाजले. हर्षाली या सगळ्या गोंधळाकडे दुर्लक्ष करून कोपऱ्यात स्वयंपाकाला बसली होती. तिच्या बाहुलीला भूक लागली होती.

"काय केलंय गं जेवायला?" कुसाबाईंनी सहज विचारलं.

हर्षालीने खेळण्यातल्या कुकरचं झाकण उघडलं. आत दोन मटार आणि रॅम.

"अजून शिटी नाय झाली," ती म्हणाली.

पट्टी पुसून परत बसवली. तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन सुरू झालं आणि करडं पान आलं. गोरक्षभाऊंनी हात झटकले. म्हणाले, बोर्डच गेलेला दिसतोय, खाली नेतो, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, उद्या संध्याकाळी बघू. आणि डबा उचलायला वाकले.

"राहू द्या भाऊ," उज्वला म्हणाली. "मला जरा एकटीला बसू द्या."

ते गेले. जाताना कुसाबाईंना जिन्यात काहीतरी बोलले, ते तिला ऐकू आलं नाही, पण कळलं.

ती मशीनसमोर हर्षालीला मांडीवर घेऊन बसली. पन्नास मिनिटं होती. कंपनीला फोन करून सांगावं का, की माझाच कॉम्प्युटर सुरू होत नाही, म्हणून तुमच्या शाळांचे कॉम्प्युटर मी कसे सुरू करीन ते सांगायला येता येत नाही? तिला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांत पाणी. कोणी परक्याने नाही म्हटलं तर चालतं. पण हे आपलं होतं. आपल्या हाताखालचं.

हर्षालीने आईच्या गळ्यातला मंगळसूत्राचा दोरा ओढला आणि मानेला काहीतरी टोचल्यासारखी मान वाकडी केली. लेकीच्या फ्रॉकच्या गळ्यामागचा मापाचा बिल्ला, लेबल, परत बाहेर आला होता. उज्वलाने तो सवयीने आत दुमडला आणि थबकली. मार्चमधली गोष्ट. हीच पोर दोन तास रडत होती. पोट बघितलं, कान बघितले, दात बघितले, रिक्षा करून ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेली, आणि तिथे कळलं की नव्या झबल्याचा बिल्ला मानेला टोचतोय. त्या दिवसापासून तिची पद्धतच ठरून गेली होती. पोर रडली की आधी पोटात शिरायचं नाही. आधी बघायचं, बाहेरून कोण टोचतंय.

तिने पानाकडे नीट पाहिलं. इतका वेळ ती विचारत होती, आत काय बिघडलं. आत तर डिस्क दिसत होती, रॅम दिसत होती, सगळं ठणठणीत. मशीन रुसलेलं नव्हतंच. कोणीतरी डिलीट दाबून सेटअपचं पान मागत होतं आणि ते बिचारं इमानाने आणून देत होतं. मग दाबतंय कोण?

तिने कीबोर्डची वायर उपटली आणि मशीन चालू केलं.

करडं पान आलं नाही. काळ्या पडद्यावर एक छोटंसं चक्र फिरायला लागलं, आणि खाली अक्षरं उमटली: अपग्रेड चालू आहे, पंच्याहत्तर टक्के.

उज्वला ओरडली नाही, नाचली नाही. तिने लेकीच्या डोक्याचा मुका घेतला आणि कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. बिस्किटाचा भुगा पडला, एक टिकली पडली, आणि डिलीटच्या कळीखालून, दोनदा आपटल्यावर, तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला.

दसऱ्याला कुसाबाईंनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. महेशचे पाने, विळी, शिलाई मशीन, आणि शेवटी सुनेचा कॉम्प्युटर. झेंडूचं फूल पडद्यावर आणि मूठभर ओल्या अक्षता कीबोर्डवर. उज्वलाने वरवरच्या पुसल्या होत्या. एक दाणा कळांच्या फटीत सुकत राहिला होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आज तिने कीबोर्ड भिंतीला उभा केला तेव्हा डिलीट दाबली गेली, आणि दाणा घसरत घसरत बरोबर तिच्या फटीत असा अडकला, की कळ वर येईना.

दारात कुसाबाई उभ्या होत्या. त्यांनी दाणा पाहिला आणि ओळखला. तो उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाल्या, "मी तर यश मागितलं होतं गं तुझ्यासाठी. महेशच्या पान्यांपरीस दोन दाणे जास्तच टाकले होते."

उज्वला म्हणाली, आई, हर्षूला घेता का, मला केस विंचरायचेत.

चारला दोन मिनिटं कमी असताना ती नव्या सिस्टीमवर, जुन्या ओढणीत, मुलाखतीला बसली. समोर अंजली मॅडम म्हणून बाई होत्या. शांत, चष्म्यातून बघणाऱ्या. त्यांनी पडदा दाखवायला लावला, चार गोष्टी करून घेतल्या. शेवटी विचारलं, की अडलेलं मशीन तुम्ही शेवटचं कधी सोडवलं.

शाळेतली एखादी जुनी, झकपक गोष्ट सांगता आली असती. उज्वलाने श्वास घेतला आणि आजची सांगितली. चार तास लागले, तेही सांगितलं. अक्षतांचा दाणा होता हे सांगितलं, कीबोर्ड मीच उभा केला होता हेही सांगितलं. अक्षता कोणाच्या, ते मात्र नाही सांगितलं.

"शाळेतल्या बाईंनी असंच काही केलं असेल आणि त्या तुम्हाला सांगायला लाजत असतील तर?" मॅडमनी विचारलं.

"तर मी आधी माझी गोष्ट सांगीन," उज्वला म्हणाली.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. बघतो, कळवतो, म्हणाल्या. उज्वलाने धन्यवाद म्हटलं आणि बाहेर पडायचं बटण शोधायला लागली. पण नव्या सिस्टीमने खालची सगळी चिन्हं डावीकडून उचलून मधोमध मांडली होती, आणि मुलाखतीची खिडकी दुसऱ्या कुठल्यातरी खिडकीमागे जाऊन बसली होती. ती इकडे दाबते तर हवामान उघडलं, तिकडे दाबते तर दिनदर्शिका.

मुलाखत संपली असं समजून कुसाबाई आत आल्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं.

"माझं नाव का नाय घेतलं? सांगायचं ना त्या बाईला, सासूनं घोळ घातला म्हणून. आणि हे पण सांगायचं, की पोरीला मांडीवर घेऊन निस्तरलं तू. एका हातानं. तो गोरक्ष दोन हातांनी रडत गेला."

"आजी," पडद्यातून आवाज आला, "मी ऐकतेय."

कुसाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि पडद्याला नमस्कार केला. उज्वलाने शेवटी जे कुठलंही मशीन ऐकतं ते केलं. प्लग उपटला.

सहा वाजता फोनवर निरोप आला. सोमवारपासून रुजू व्हा, पहिला आठवडा शिकवणीचा, घरूनच, पडद्यावर. खाली अंजली मॅडमनी स्वतः एक ओळ जोडली होती: बाकीच्यांची शिकवणी दहाला सुरू होते, तुम्ही साडेनऊला या, बोलणं झाल्यावर बाहेर कसं पडायचं, ते तुम्हाला वेगळं शिकवावं लागेल.