बाबल मेस्त्रींची दोन हेडं

आमच्या कसालच्या बाबल मेस्त्रींच्या गॅरेजात गेलं की ते 'बसा' म्हणत नाहीत. तुमचं बोट धरतात आणि इंजिनाच्या एका भोकात घालतात. "मास्तरांनू, वारो खंय अडता ता सांगा." मी मराठीचा निवृत्त शिक्षक. वारा खिडकीतून येतो, यापलीकडे माझं ज्ञान नाही.

ते भोक सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या झाकणाचं. त्यातून हवा आत जाते म्हणे. मेस्त्रींकडे अशी दोन हेडं आहेत. एक जुनं, घरीच घासून तयार केलेलं. दुसरं नवंकोरं, शर्यतीच्या गाडीचं, पुण्याहून मागवलेलं. साठी उलटली तरी मेस्त्री दर वर्षी घाटातल्या मोटारशर्यतीत उतरतात आणि नेमाने शेवटून दुसरे येतात. यंदा कुठलं हेड बसवायचं, हा घोळ चार महिने चाललाय. शर्यत येत्या रविवारी.

तुलनेची पद्धत त्यांची स्वतःची. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने हेडमधून हवा ओढायची आणि शेजारच्या नळीत पाणी किती चढतं ते बघायचं. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात कोकमाचं आगळ. नळी धरायला मी. कधी नवं जिंकतं. मग मेस्त्री म्हणतात, "ह्या वारो जास्त खाता, पण चढाक दम नाय." कधी जुनं जिंकतं, तेव्हा मी नळी वाकडी धरलेली असते. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झालेला असतो.

शेवटी त्यांनी देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर नवं, डावी पडली तर जुनं. दोन्ही एकदमच पडल्या. गुरव वैतागला, "मेस्त्री, देवाक गाडी नाय हा!"

काल मीही कंटाळून म्हटलं, "अहो, नवंच बसवा की!"

 मेस्त्री घराच्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "जुन्याचे वाल्व हिना घासलेले."

वीस वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे मेस्त्रींच्या पत्नी, बांगड्या काढून, ताक घुसळावं तशी काठी दोन तळव्यांत फिरवत, एकेक वाल्व, म्हणजे भोकावरची झडप, घासून जागी घट्ट बसवत होत्या. आता संधिवाताने बोटं वाकडी झालीत. कपही धरवत नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वहिनीच त्या दारात आल्या. "नवाच बसवा. माझ्या हातांचा काय घेवन बसलात?"

 मेस्त्रींनी दोन्ही हेडं उताणी करून त्यांत पेट्रोल ओतलं. वाल्व घट्ट नसेल तर खालच्या भोकातून गळतं, हे त्यांनी मला इतक्या मोठ्याने समजावलं की ते माझ्यासाठी नव्हतंच.

"जुन्यातसून थेंब गळना नाय! आता नव्याचा काय ता तुमीच बगून सांगा, मास्तरांनू."

मी वाकलो. नवं खालून कोरडं ठणठणीत होतं. मेस्त्री माझ्याकडे बघत होते. दारातून वहिनीही. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला उत्तर येत होतं.

"गळतंय, मेस्त्री," मी म्हणालो. "चांगलंच गळतंय."