कुसुमबाई घाट चढतात

आमच्या गल्लीतून कोणी गावाला निघालं, की कुसुमबाई त्याचे कपडे लिहून घेतात.

गंमत म्हणून नाही. फाटकाशी उभ्या राहतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि वहीत लिहितात: ‘निळा चौकटीचा शर्ट, करडी पँट, उजव्या भुवईवर व्रण, सकाळी सव्वासात, नागपूर.’ जाणारा हसत असतो. ‘हे कशाले बाई?’ असं त्यानं विचारलंच, तर मान वर न करता त्या म्हणतात, ‘काई झालं तं सांगाले पायजे ना.’

मग त्याचं हसू जातं आणि नागपूर येईपर्यंत तो स्वतःच्याच शर्टाकडे बघत बसतो.

‘बाई, मोबाईलवर फोटो काढा ना,’ असं मी एकदा सुचवलं होतं.

‘फोटोत रंग बदलते,’ बाई म्हणाल्या. विषय संपला.

आमची वस्ती ऊर्जानगरच्या फाटकापासून दहा मिनिटांवर. मी तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. कुसुमबाई शेजारच्या घरात एकट्या राहतात. एटापल्लीकडच्या गावांत तीसेक वर्षं नर्स होत्या. मूलबाळ नाही, यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात गल्लीत बिबट शिरला तेव्हा आम्ही सगळे कड्या लावून खिडकीला डोळे लावून बसलो होतो, आणि बाई अंगणात वाळत घातलेले पापड उचलत होत्या. ‘त्याले पापड नाई पायजे, पन तुडवून जाईन ना,’ हे त्यांचं स्पष्टीकरण. सापाला त्या काठीनं वाट दाखवतात. भीती फक्त प्रवासाची, आणि तीही दुसऱ्याच्या.

अशा बाईंच्या शेजारी राहून मी कुटुंबाला घेऊन दोन दिवस चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. स्वतः गाडी चालवत. गाडी जुनी घेतलेली, आणि मी त्यात नवा.

बातमी कळली त्या संध्याकाळी बाई आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

‘भाऊ, घाट पाह्यला काय तुमी कधी?’

‘बसमधून पाहिला आहे.’

‘बसमधून ड्रायव्हरनं पाह्यला. तुमी झोपले असान.’

हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘चढावर गाडी बंद पडली तं मांगं जाते का तिथीच राह्यते?’ तिसऱ्या दिवशी, ‘समोरून बस आली तं मांगं कोन घेईन? बसवाला तं घेनार नाई.’ चौथ्या दिवशी त्या काही न विचारता नुसत्या गाडीभोवती फिरून गेल्या. मला तेच सगळ्यांत भारी पडलं.

मी घाबरत चाललो होतो. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. तिथं जाऊन मी चढावर गाडी थांबवायची आणि पुन्हा काढायची सवय करू लागलो. मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या घराण्याचा उद्धार करत. मला ताटात वाढलेली भाकरीसुद्धा उतरती वाटू लागली. बायको सुनंदा म्हणाली, ‘अवो, भेव लागत असन तं नोको जाऊ.’ पण सहावीतल्या आमच्या स्वरानं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. आता माघार नव्हती.

शुक्रवारी बाई म्हणाल्या, ‘मीबी येते.’

‘तुम्ही? तुम्हाला तर प्रवासाची...’

‘इथी राहून काय करू? तुमी येईपर्यंत फाटकातच उभी राहीन. त्यापेक्षा संगं बरी.’

शनिवारी पहाटे बाई दोन पिशव्या घेऊन हजर. दोन दिवसांच्या सहलीला पाच दिवस पुरतील एवढ्या दशम्या, पट्ट्या, मलम, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, दोर आणि शिट्टी. गाडीत बसण्याआधी त्यांनी आम्हा तिघांचे कपडे लिहिले आणि वही शेजारच्या दुकानदाराकडे ठेवायला दिली. ‘वही आपल्यासंगंच गेली तं काय कामाची?’ असं म्हणून त्या मागच्या सीटवर बसल्या आणि पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. वरोरा गेलं, वर्धा गेलं, अमरावती मागं पडली. पकड काही सुटली नाही. सपाट, सरळ रस्त्यावरसुद्धा त्या मधूनमधून ‘हळू, बापा’ म्हणत होत्या, आणि मी खरंच हळू करत होतो.

परतवाड्याला चहाला थांबलो. पुढं घाट होता. डोंगराचा माथा ढगात गेलेला दिसत होता, त्यामुळे चहा कोणालाच गोड लागत नव्हता. तेव्हा स्वरानं विचारलं, ‘आजी, तुम्ही सगळ्यांचे कपडे काऊन लिहिता?’

मला वाटलं, बाई नेहमीचं उत्तर देतील. पण त्या कपाकडे बघत बोलायला लागल्या.

‘एटापल्लीकडं होती मी तवा. पानी लागून होतं. हे सायकलनं तालुक्याले गेले, माह्या दवाखान्याची औषधं आनाले. मी एका बाईच्या बाळंतपनात होती, जाताना पाह्यलंबी नाई. सांजेले नाला चढला. हे आले नाई. दुसऱ्या दिवशी बी नाई. पोलीसपाटील आला, म्हने, बाई, अंगावर काय होतं? नाल्याखालच्या गावांत सांगाव लागते. अन् मले सांगताच येईना. माह्याच मानसाचा शर्ट कोनता होता, ते मले माहीत नाई.’

‘मग?’ स्वराचा कप हवेत.

‘मंग काय! तिसऱ्या दिवशी आले. नाल्याच्या तिकडच्या गावात राह्यले होते, कोंबडा खाऊन, मजेत. शर्ट लाल होता. लाल! आंधळ्याले दिसन असा.’

आम्ही हसलो. बाईही हसल्या. मग पदरानं कप पुसत म्हणाल्या, ‘घरीच गेले ते, नंतर कितीक वर्षांनी. बाजूलेच बसली होती मी. काय घातलं होतं, सगळं माहीत होतं. पन कोनी विचारलं नाई.’

सुनंदानं चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो.

घाटाची पहिली वळणं बरी गेली. मग धुकं उतरलं. सावकाश नाही, कोणी काचेवर चादर टाकावी तसं. समोरचा रस्ता गेला, कडेचे दगड गेले, डावीकडची दरी गेली. दरी दिसत होती तेव्हा भीती होती, दिसेनाशी झाल्यावर ती अगदी चाकाखालीच आहे असं वाटू लागलं. तेवढ्यात वरून हॉर्न आला आणि दोन पिवळे दिवे अंगावर आले. बस होती. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली, बस आमच्या आरशाला वारा घालत निघून गेली, आणि आमची गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली. क्लच सोडला. गाडी पुढं जाण्याऐवजी हातभर मागं गेली. स्वरा ओरडली. मी हँडब्रेक ओढला. ‘माझ्यानं होत नाही,’ असं मी म्हणालो. मुलीच्या देखत असं मी कधीच बोललो नव्हतो.

मागचं दार उघडलं.

‘स्वरा, इकडून उतर. सुनंदाबाई, तुमीबी. दोघी डोंगराकडं उभ्या राहा, भिंतीले टेकून.’ हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बारीक आणि सपाट. बाईंनी रस्त्याकडेचा मोठा दगड उचलून मागच्या चाकाला लावला. मग माझ्या खिडकीशी आल्या. ‘भाऊ, माह्याकडं पाहा. श्वास सोडा. अजून. आता गाडी मांगं जात नाई, दगड हाये. मी पुढं चालते, तुमी फक्त माह्या पाठीकडं पाहा. दरीकडं नाई, धुक्याकडं नाई. माही पाठ.’

डिकीत माझं केंद्रातलं चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट होतं. ते त्यांनी लुगड्यावर चढवलं, गुडघ्यापर्यंत आलं. शिट्टी तोंडात धरली आणि त्या चालू लागल्या. गाडी सुटली. जरा सपाट जागा आली तशी सुनंदा आणि स्वरा मागं आत चढल्या. पासष्टीची बाई डोंगराच्या कडेनं पुढं चालली होती, वळण आलं की शिट्टी फुंकत होती, समोरून कोणी आलं तर हात आडवा करून त्याला थांबवत होती. एक जीप थांबली, एक दूधवालाही थांबला. मी पहिल्या गिअरमध्ये त्या पट्ट्यांच्या मागं रांगत होतो. अर्ध्या तासानं धुकं फाटलं, तेव्हा बाई आत बसल्या, चपलेतला खडा काढला आणि पुन्हा सीटची पाठ धरली.

‘हळू, बापा,’ त्या म्हणाल्या.

वर पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. गाडी थांबवल्यावर मी बराच वेळ स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मोबाईलला रेंज आली. मी भावाला कळवलं. स्वरा मैत्रिणीला घाटाची गोष्ट वाढवून सांगू लागली. सुनंदानं सिंदेवाहीला आईला फोन लावला, ‘पोचलो बापा एकदाचे.’

बाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, नावं वरखाली केली, मग पुन्हा पिशवीत टाकला.

‘कोणाला लावायचा आहे का बाई? मी लावून देतो,’ मी म्हणालो.

‘नाई,’ त्या म्हणाल्या. ‘सांगाले पायजे असे सगळे तं इथीच हाये.’

सुनंदानं ते ऐकलं. ती आईला म्हणाली, ‘थांब आई, शेजारच्या कुसुमबाई हायेत, त्याईच्याशी बोल,’ आणि फोन बाईंच्या हातात दिला. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. बाई गोंधळल्या, फोन उलटा धरला, सरळ केला.

‘हो जी... हो, मीबी पोचली... नाई, जेवन व्हाचं हाये...’ मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण बाईंनी आमच्याकडे पाठ केली. ते जॅकेट अजून अंगावरच होतं.

‘लागला जी,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘लय भेव लागला मले.’

मी स्वराला घेऊन गाडीच्या पलीकडे गेलो.