गाडीचं तोंड कुठं असतं?

गाडीतलं मला सगळं कळतं. फुशारकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतेय. मी दहावीत आहे, पण कार्ब्युरेटर डोळे मिटून काढून दाखवू शकते. परत बसवताना डोळे उघडावे लागतात आणि बाबांनाही बोलवावं लागतं, पण काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही!

आमची गाडी बासष्ट सालची. रंग मूळचा पांढरा, आता भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखा. बाबा, म्हणजे सोमनाथ, सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला आहेत. दिवसभर केसाच्या दहाव्या भागाइतकं मापून काम करतात आणि घरी आले की या गाडीला हातोडीने समजावतात. गाडी आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये असते. पोर्च गाडीएवढाच आहे. त्यामुळे गेली पाच वर्षं आम्ही आमच्या घरात खेकड्यासारखे आडवे शिरतो. एकदा गॅसचा सिलिंडर बॉनेटवरून ओढून आत न्यावा लागला, त्या दिवशी आईने काहीतरी ठरवलं.

बाबा दर दसऱ्याला जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरतात. पिंपळगावच्या रस्त्याला ललितशेठ नावाच्या बागायतदाराने द्राक्षबाग काढून तिथे मातीचा गोल ट्रॅक केलाय. तीन फेऱ्या, पंधरा मिनिटं. शर्यत सुरू झाल्यावर बॉनेट उघडायचं नाही, गाडीला कोणी हात लावायचा नाही आणि इंजिन बंद पडलं की बाद. पहिल्या वर्षी बाबा अर्ध्या फेरीत बाद झाले. दुसऱ्या वर्षी सुरुवातीच्या रेषेवरच. त्या वर्षी गाडी कांद्याच्या ट्रॉलीत बसून घरी आली आणि पुढे महिनाभर तिच्यात बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

या वर्षी आईने अट घातली. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या तर गाडी राहील आणि ती पुन्हा पोर्चचं नाव काढणार नाही. नाही झाल्या, तर गाडी तिथूनच जाईल. कुठे, तर येवल्याच्या वाल्मीककाकांकडे. ते लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या पुरवतात. आईने त्यांना थेट ट्रॅकवरच बोलावून घेतलं होतं. बाबा अट ऐकून तासभर गाडीत बसून राहिले, गाडी न चालवता.

म्हणून मी मोहीम हातात घेतली! मी शेजारच्या सीटवर बसणार होते, मेकॅनिक म्हणून. कार्ब्युरेटर हे इंजिनाच्या डोक्यावरचं एक बोळकं असतं. तिथे हवा आणि पेट्रोल एकत्र होऊन खाली जातं. त्यावर हवा गाळायचा डबा बसवलेला असतो. तो मी आदल्या दिवशी काढून टाकला. गाळणं काढलं की चहा भराभर पडतो, तसं इंजिन भराभर पळेल, असं माझं शास्त्र होतं. बाबांनी जरा वेळ विचार केला आणि मान हलवली. माणूस बुडायला लागला की दहावीतल्या मुलीचंही ऐकतो.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही ट्रॅकवर पोचलो, तर लंकाआत्या आमच्या आधीच हजर. ही बाबांची मोठी बहीण. इगतपुरीच्या खाली तिच्या सासरची भाताची गिरणी आहे. ती एसटीने पूजेचं ताट घेऊन आली होती, कारण दसऱ्याला यंत्र पूजेवाचून चालवणं म्हणजे तिच्या मते सरळसरळ भांडण उकरणं. बाबा नाव नोंदवायला गेले. आत्याने चाकांना हळद-कुंकू लावलं, बॉनेट उघडायला लावलं आणि आत बराच वेळ बघत राहिली.

"निके, हिचं तोंड कुठं हाय?"

तिच्या गिरणीत दसऱ्याला यंत्राच्या तोंडात अक्षता टाकून मगच पट्टा चढवतात. हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की कोणीतरी मला गाडीतलं काहीतरी विचारतंय. असे क्षण माझ्या आयुष्यात फार येत नाहीत. मी कार्ब्युरेटरचं उघडं भोक दाखवलं आणि गाडी श्वास कसा घेते, पेट्रोल कसं पिते, यावर छोटंसं भाषण दिलं. मग शेजारच्या जीपवाल्या काकांना तेच भाषण द्यायला गेले.

बाबा परत आले आणि त्यांनी गाडी सुरू केली. गाडी आधी शिंकली, मग खोकली. मग तिने एक लांब उसासा टाकला, अगदी आई टाकते तसा. सायलेन्सरमधून धूर आला आणि त्याला एक करपट वास होता.

नाशिकमध्ये गाडीचं बॉनेट उघडलं की आठ माणसं आपोआप उगवतात. इथे तर सगळेच गाडीवाले. बारा जमले. एक म्हणाले वायर जळतेय, दुसरे म्हणाले पट्टा जळतोय. जीपवाल्या काकांनी पेट्रोलवर संशय घेतला आणि बाटलीत काढून उन्हात धरलं. बाबांनी चारही प्लग काढून पुसून परत लावले. आता सगळे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. खरं तर कोणीच बघत नव्हतं. तरी मी जाहीर केलं, "क्लच प्लेट जळालीय. शंकाच नाही."

हे वाक्य बारा जणांनी उचललं. मागच्यांनी पुढे दिलं आणि आई बसली होती त्या प्रेक्षकांच्या मांडवात पोचेपर्यंत क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल असं सगळंच गेलं होतं. वाल्मीककाका तिथून उठून आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, एका टायरला बुटाने हळूच टोकरलं आणि आईला म्हणाले, "ताई, क्लच गेलेली गाडी मी घिऊन काय करू? वरातीत ढकलायला नवरदेव उतरवू का?"

म्हणजे आता गाडी शर्यतीतूनही गेली आणि येवल्यालाही नकोशी झाली. माझ्या एका वाक्याने! आईने माझ्याकडे बघितलं. मी क्लचकडे बघितलं, पण तो बाहेरून दिसत नाही.

शर्यत सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. बाबा गाडीच्या बंपरवर बसले. त्यांनी कारखान्यातली डबा खायची पोझ घेतली होती, फक्त डबा नव्हता. तेवढ्यात आत्या गर्दीतून वाट काढत सायलेन्सरपाशी गेली. वाकली. पदर बाजूला धरून तिने त्याच्या तोंडाशी दोनदा वास घेतला.

"क्लच नाय ह्यो," ती म्हणाली. "भात करपलाय. इंद्रायणी हाय."

गाडीच्या रोगांची नावं सगळ्यांना पाठ होती, त्यात इंद्रायणी नव्हता.

बाबांनी फार हळू आवाजात विचारलं, "अक्का, भात कुठून आला?"

आत्याने सांगितलं. यंत्र आहे, दसरा आहे, तोंडात अक्षता घातल्या. तोंड निकीने दाखवलं. आणि गिरणी म्हातारी झाली म्हणून पाच दाण्यांवर भागते, ही बिचारी लांबून आलेली, म्हणून हिला चिमूटभर जास्त.

"किती दाणे?"

"मोजून घालत्यात व्हय रे सोमा?"

केसाचा दहावा भाग मापणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण बाबा ओरडले नाहीत. ते उठले, बॉनेटमध्ये वाकले आणि टॉर्च मागितला. कार्ब्युरेटरच्या नरड्यात नाण्याएवढी एक झडप असते. पाय दाबला की ती उघडते आणि गाडी पळते. त्या झडपेवर कुंकवाने लाल झालेले दाणे रांगेत बसले होते, पंगतीला बसावेत तसे. मी प्रसंगावधान राखून धावत लोहचुंबक आणलं. बाबांनी चुंबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते माझ्या हातातून काढून खिशात ठेवलं. मग सायकलची एक तार घेतली, पूजेच्या ताटातला गूळ चिमटीत मऊ केला, तारेच्या टोकाला लावला आणि एकेक दाणा चिकटवून वर काढायला सुरुवात केली. अकरा दाणे निघाले. प्रत्येक दाणा आत्या पदरात घेत होती, कारण अक्षता पायदळी येऊ द्यायच्या नाहीत.

शिट्टी वाजली. बाबांनी बॉनेट लावलं. आत किती राहिले, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली फेरी आम्ही अशी मारली की मला रडू आलं. धुळीने असेल. गाडी खरंच पळत होती! जीप आमच्या पुढे होती, पण दिसत होती, आणि आमच्या घराण्याच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. दुसरी फेरीही झाली. बाबा चक्क गुणगुणत होते. मी त्यांना सांगितलं की गाळणं काढल्याचा हा परिणाम आहे.

तिसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर गाडी हळू झाली. बाबांनी पाय दाबला, काही फरक नाही. पाय उचलला, तरी फरक नाही. दोन-चार दाणे झडपेच्या कडेला पाचरीसारखे बसले होते, आणि झडप आता ना उघडत होती, ना मिटत होती. इंजिन बंद पडत नव्हतं, पण जोरही धरत नव्हतं. बाबांनी पहिला गिअर टाकला. गाडी माणूस चालतो त्या वेगाने, एकसारखी, शांतपणे निघाली. बाकी सगळ्या गाड्या शर्यत संपवून लावलेल्यासुद्धा होत्या. ट्रॅकवर आम्ही दोघं, आणि अजून सात मिनिटं.

मग आई मांडवातून उठली, साडीचा पदर खोचला आणि चालत आमच्या खिडकीपाशी आली. चालता चालता तिला पाणी प्यायलाही वेळ मिळाला.

"अहो, पुरे आता. सगळं नाशिक बघतंय."

"संध्या, हळू बोल. गाडीला ऐकू जातं."

"तीन दसरे हेच बघतेय."

"अर्धी फेरी राहिलीय," बाबा म्हणाले. "मी नुसता बसलोय गं, चालवत पण नाहीये. पण पोचतीय बघ."

आई परत गेली नाही. गाडीबरोबर चालत राहिली, गाडीपासून हातभर लांब, चुकून लागू नयेत म्हणून हात मागे बांधून. मग आत्या आली, ताट घेऊन. मग ललितशेठ, घड्याळ घेऊन. मग वाल्मीककाका, तोंडात बडीशेप घेऊन. थोड्या वेळाने आमच्या दोन्ही बाजूंना चाळीसेक माणसं चालत होती.

रेषा वीस पावलांवर असताना शेजारच्या शेतातली एक शेळी ट्रॅकवर आली आणि बरोबर मध्ये उभी राहिली. ब्रेक लावला असता तर इंजिन बंद पडलं असतं. बाबांनी हॉर्न दाबला. तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आई शेळीचं शिंग धरून तिला फरफटत बाजूला नेत होती आणि चप्पल एक इकडे, एक तिकडे. ज्या बाईला ही गाडी नको होती ती बाई!

आम्ही रेषा ओलांडली. ललितशेठ म्हणाले, चौदा मिनिटं चाळीस सेकंद. बाबा लगेच उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. आईने आधी चपला शोधल्या, मग खिडकीतून हात घालून त्यांच्या केसातली माती झटकली आणि म्हणाली, "राहू दे. आडवंच शिरू."

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट आणखी वर मान करून सांगितली असती. पण वाल्मीककाका हात जोडून पुढे आले.

"भाऊ, बावीस वरसं झाली मला या धंद्यात," ते बाबांना म्हणाले. "वरातीत गाडी बँडच्या मागं चालवायची म्हंजी दर पन्नास पावलांना बंद, नायतर गरम. इतकी हळू, एकसारखी, न थांबता चालणारी गाडी मी पयल्यांदा बघितली. इकू नका. पण लगीनसराईला द्या. चालवायला तुम्हीच या, दुसऱ्याला नाय जमायचं."

बाबा समजावू लागले की ही शर्यतीची गाडी आहे. आईने तोवर तारखा विचारून घेतल्या होत्या. लग्नसराईत गाडी पोर्चमध्ये नसणार, हे तिला बाबांच्या आधी कळलं.

परवा पहिली वरात होती, येवल्याला. झडपेतले दाणे तसेच ठेवून गाडी ट्रॉलीतून तिथे नेली होती. मी मेकॅनिक म्हणून पुढे बसले. मागे नवरदेव, भोवती पैठण्यांची गर्दी आणि गाडी त्याच ऐटीत, त्याच वेगाने. बाबांना फेटा बांधला होता. देवळापाशी वळण आलं तेव्हा त्यांनी शर्यतीतल्यासारखी मान पुढे काढून रस्ता बघितला. समोर फक्त बँडवाले होते, बाकी सगळी वरात मागे.

"निके," बाबा हळूच म्हणाले, "दुसरा नंबर."

मी हो म्हटलं. बँडवाले चालत होते, हे त्यांना कोण सांगणार?