वैजनाथरावांची वंशावळ

‘माऊस हे अडाण्यांचं खेळणं आहे!’ हे वाक्य आल्हाद बुलढाण्यात रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरी बसून करायचा, आणि कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप केले नाहीत तर त्याला अन्न गोड लागत नसे. चार हुकूम पाठ होते, पण तोरा असा की कॉम्प्युटर याच्याच घरी जन्माला आला!

तर हे रत्न आईला, शकुंतलाबाईंना, घेऊन चिखलीला मुलगी पाहायला आलं. मुलगी भार्गवी. आल्हादला ती फोटोतच आवडली होती. एरवी कुणाला न मोजणारा हा गडी येताना जीपमध्ये तीनदा भांग पाडत होता, यावरून काय ते समजा. ती शिकवते एवढंच त्याला ठाऊक होतं. काय शिकवते, हे विचारायला त्याला स्वतःच्या कौतुकातून सवड झाली नव्हती.

भार्गवीचे वडील वैजनाथराव हे मराठीचे निवृत्त मास्तर. पोहे आले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि आल्हादने माऊसचं ते वाक्य इथेही ऐकवलं. वैजनाथराव खूश झाले.

“मंग आमचं एक काम करून द्या ना, आल्हादराव! अकरा वर्षं झाली, घराण्याची वंशावळ लिहून राह्यलो मी. नऊ पिढ्या! पण कॉम्प्युटरात दोन फोल्डर झाले. एकाचं नाव ‘वंशावळ’, ते बरोबर आहे. दुसरं ‘वंशावळ जुनी’, त्याच्यात चुकाच चुका. ते जुनं तेवढं पुसून टाका.”

“एवढंच? काका, पोहे निवायच्या आत होईल!”

“सावकाश करा. मले तर त्या माऊसचंच भेव वाटते.”

“माऊस लागतोय कुणाला!”

आल्हादने बाह्या सरसावल्या, काळी खिडकी उघडली आणि पुसण्याचा हुकूम लिहिला. ‘पुसण्याआधी विचारू नकोस’ अशी ताकीदही त्यात घातली. खात्री करून घेतात ती कच्ची माणसं! पुढे नाव टाइप केलं: वंशावळ, मग मोकळी जागा, मग जुनी.

मागून भार्गवी हळूच म्हणाली, “नावात मोकळी जागा आहे. एकदा बघून घ्या.”

“तुम्ही पोह्यांचं बघा,” आल्हाद मान न वळवता म्हणाला. “हे तुम्हाला नाही कळायचं.”

शकुंतलाबाईंनी डोळे वटारले. त्याने एंटर दाबलं.

आता तुम्हीआम्ही ‘वंशावळ जुनी’ एका दमात वाचतो. काळ्या खिडकीला तेवढी समज नाही. मोकळी जागा दिसली की तिच्या लेखी एक नाव संपलं आणि दुसरं सुरू झालं. नाव अवतरण चिन्हांत घातलं असतं तर तिने ते एक धरलं असतं. पण चिन्हं घालायची कुणी? तिने ‘वंशावळ’ नावाचं फोल्डर शोधलं आणि मुकाट्याने साफ केलं. मग ‘जुनी’ शोधायला गेली. त्या नावाचं काही नव्हतंच. तिने इमानदारीने कळवलं: ‘जुनी’ सापडत नाही.

“बघा!” आल्हाद ओरडला. “जुनी सापडतसुद्धा नाही! नामोनिशाण मिटवलं!”

“वा! वहिनी, पोरगं हुशार आहे हं तुमचं!” वैजनाथराव म्हणाले. “आता नवी उघडा, आईले दाखवू.”

आल्हादने मोठ्या रुबाबात फोल्डरांची यादी उघडली. यादीत ‘वंशावळ जुनी’ ठाण मांडून बसलेली. ‘वंशावळ’ मात्र गायब!

त्याने घाईघाईने कॉम्प्युटरची रद्दीची टोपली उघडून पाहिली. तीही रिकामी, कारण काळ्या खिडकीतून पुसलेलं टोपलीत जात नाही, थेट वर जातं!

“व्हायरस असेल,” तो पुटपुटला. मग म्हणाला, “कॉम्प्युटरच जुना आहे.” आणि शेवटी वैजनाथरावांवरच घसरला. “काका, नावात जागा सोडतं का कुणी? शिकलेली माणसं असं करत नाहीत!”

“दोन शब्द आहेत, मंधात जागा नको? चाळीस वर्षं मी पोट्ट्यांले हेच शिकवलं ना!” एवढं बोलून वैजनाथराव तोंडावर उपरणं धरून खाली वाकले. खांदे गदगदा हलू लागले.

नऊ पिढ्या! आपण याच घरात जावई व्हायला आलो होतो! आल्हाद खरोखर घाबरला. त्याने काकांचे पायच धरले. “काका, रडू नका! चुकलं माझं!”

वैजनाथरावांनी उपरणं बाजूला केलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“वंशावळ माझ्याकडे आहे. ही नुसती कॉपी होती,” भार्गवी म्हणाली. “मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा हेच काम सांगतात. तुम्ही चौथे.”

आल्हाद उठून उभा राहिला. जरा धीर आला. “म्हणजे बाकीच्यांनीही हेच केलं असेल ना?”

“दोघांनी केलं.”

“आणि तिसरा?”

“तो खामगावला पोस्टात आहे, त्याला अजून उत्तर कळवलेलं नाही. म्हणाला, मला हे येत नाही, तुम्ही करून दाखवता का? मी दाखवलं. त्याने वहीत लिहून घेतलं.”

आल्हाद मोठ्याने हसला. “पोस्टात! आणि वहीत! काय म्हणावं अशा माणसाला?”

शकुंतलाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली, मुलाकडे एकवार पाहिलं आणि भार्गवीच्या पाठीवरून हात फिरवला.

“हो म्हण पोरी त्या वहीवाल्याले. पोरगा भला दिसते.”