शत्रूची म्हैस

युद्ध लढणं हे सैन्याचं काम असलं, तरी ते बघणं ही प्रत्येक नागरिकाची जबाबदारी असते. खुद्द सैन्याला ती पार पाडता येत नाही, कारण त्या वेळी ते कामात असतं. म्हणून देशाने ती आमच्यासारख्यांवर सोपवलेली आहे. कासारसाई धरणाच्या काठावरच्या आमच्या वाडीने ती किती निष्ठेने पार पाडली, याची कुठे तरी नोंद राहावी, एवढाच या लेखनाचा हेतू.

आमच्या वाडीत सार्वजनिक वाचनालय आहे. मी त्याचा मानद चिटणीस. पूर्वी तिथे पुस्तकं होती. पलीकडच्या टेकडीवर बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्या एका बिल्डरने (शेजारधर्म म्हणून) वाचनालयाला भिंतभर टीव्ही भेट दिला, तेव्हा कपाटांची अडचण होऊ लागली आणि ती समाजमंदिराच्या मागे हलवण्यात आली. तेव्हापासून वाचनालयात बसायला जागा मिळत नाही. वाचनसंस्कृती मरत चालली असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. पडद्याच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना एवढी अक्षरं धावत असतात, की आमच्या सभासदांनी जन्मात इतकं कधी वाचलं नव्हतं.

युद्ध सुरू झालं तसे सगळे जेवणं लवकर उरकून येऊ लागले. पुढच्या सतरंजीवर पोरं, मागे बाप्ये, दाराशी बाया, आणि एकुलत्या एका खुर्चीवर उपसरपंच दयानंद. दयानंद तरुणपणी लष्कराच्या छावणीला कोबी पुरवायचे, त्यामुळे संरक्षणविषयक सर्व प्रश्न त्यांच्याकडे जातात. चॅनेल कुठलं लावायचं हेही तेच ठरवत. एका चॅनेलवर एक बाई शांतपणे नुसती बातमी सांगत होती. मागे संगीत नाही, विमान नाही, पडदा हलत नाही. ते युद्ध कुणालाच खरं वाटलं नाही. दयानंदांनी लगेच बदललं. दुसरीकडे ढोल होते, आगीच्या ज्वाळा होत्या, आणि निवेदक असा ओरडत होता की त्याच्याच घरावर बॉम्ब पडला असावा. सगळ्यांनी समाधानाने मांडी घातली.

आता या युद्धाचा काही भाग महाळुंग्यात चौदाव्या मजल्यावर तयार होत होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिथे ऋषिकेश राहतो. आमच्या वाडीतल्या गोजराबाईंच्या भावाचा नातू. त्याची बायको किमया हिंजवडीत आयटीत आहे आणि तो घरी बसून व्हिडिओ करतो: लग्नांचे, बिल्डरांचे, आणि हंगाम असेल तेव्हा युद्धाचे. चॅनेलला रोज रात्री नऊला काही तरी फुटलेलं लागे. आधी तो मोबाइलवरच्या लढाईच्या गेममधून तुकडे कापून देत होता. पण दुसऱ्या एका चॅनेलनेही तोच गेम धरला आणि एकच विमान एकाच वेळी दोन निरनिराळ्या शहरांवर कोसळलं. चॅनेलवाल्यांनी त्याला बजावलं, की आता काही तरी ओरिजिनल पाहिजे.

म्हणून रविवारी तो कॅमेऱ्याचा ड्रोन, जुने टायर आणि पिशवीभर सुतळी बॉम्ब घेऊन धरणावर आला. आधी गोजराबाईंकडे गेला. त्या एकट्याच असतात. त्यांनी पिठलं-भाकरी घातली.

"आजी, दुपारी जरा आवाज होईल हं," तो म्हणाला.

"व्हऊ दे की. कुनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही, काम आहे माझं."

"मग कर बाबा. कामाला कोन न्हाई म्हनतंय?"

गोजराबाईंची म्हैस चांदी त्या वेळी पाण्यात डुंबत होती. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग खाली पडलेलं, आणि सात महिन्यांची गाभण. गोजराबाईंचं घर तिच्या दुधावर चालतं. टायर पेटले, सुतळी बॉम्बांची माळ उडाली, आणि चांदी आयुष्यात पहिल्यांदाच धावली. पाण्यातून उसळून काठावर आली आणि शेपूट वर करून टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली.

ऋषिकेश तिच्यामागे ऊर फुटेस्तोवर पळाला. तो आणि गोजराबाई संध्याकाळपर्यंत करवंदीच्या जाळ्यांतून हाका मारत फिरले. त्याचा फोन सारखा वाजत होता. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "आजी, मला निघायला लागेल. नऊच्या आत द्यायचंय."

"जा तू. पोटाचं काम हाय," म्हातारी म्हणाली, आणि एकटीच पुढे चालत राहिली.

रात्री ती वाचनालयाच्या दारात आली, ती म्हैस कुणी पाहिली का हे विचारायला. गाव एका जागी भेटण्याचं दुसरं ठिकाण आता राहिलेलं नाही. नेमके नऊ वाजले होते. पडदा हादरला. शत्रूचं धरण जमीनदोस्त! ही दृश्यं फक्त आमच्याकडे! आकाश रक्तासारखं लाल, पाणी काळं, आणि धरणाची भिंत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत होती. सगळी सभा उठून उभी राहिली. शिट्ट्या वाजल्या, एकजण पेढ्यांसाठी दुकान उघडायला पळाला. तेवढ्यात पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाण्यातून एक म्हैस बाहेर आली.

"आगं बया, चांदे!" गोजराबाई ओरडल्या. चेहरा असा उजळला की काय सांगावं. "घावली! दयानंदा, कुटलं गाव रं ते?"

दयानंदांनी शत्रुदेशाचं नाव सांगितलं.

"इतक्या लांब गेली?" म्हातारीने कपाळाला हात लावला. मग पडद्याजवळ गेली आणि डोळे बारीक करून बघू लागली. चॅनेलवरच्या संरक्षणतज्ज्ञांनी (मिशा अशा की कुणी शंका घेणार नाही) म्हशीभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. जनावर मालकाविना पळतंय, याचा अर्थ शत्रूची रसद तुटली, असं ते समजावून सांगत होते.

"आरं, ह्ये आपलंच धरान हाय की!" गोजराबाई म्हणाल्या. "त्यो बग वड. ही म्हसोबाची घुमटी. मीच शेंदूर लावलाय गेल्या आमुशाला."

तज्ज्ञ त्याच घुमटीला शत्रूची टेहळणी चौकी म्हणत होते. सगळे दयानंदांकडे बघू लागले. त्यांनी घाई केली नाही. उठून त्यांनी खिडकी उघडली. बाहेर चांदण्यात आमचं धरण दिसत होतं. अखंड.

"मावशे, हितं बग. आपलं धरान हुबं हाय का न्हाई?"

"हाय की."

"आन टीव्हीवरचं फुटलं का न्हाई?"

"फुटलं."

"मग? जे फुटलंय ते आपलं न्हाई. आपलं फुटलेलं न्हाई."

या युक्तिवादात कुणालाही खोट सापडली नाही. मलाही नाही. मी तर तर्कशास्त्राचं एक पुस्तक वाचलेला माणूस (ते आता समाजमंदिराच्या मागे आहे).

धरणाचा प्रश्न सुटला. म्हशीचा मात्र चिघळला. दुसऱ्या दिवशी नळावर बाया विचारू लागल्या, की शत्रूची म्हैस गोजराबाईंनी नावासकट ओळखली कशी? कुणी सांगितलं, की ती म्हैस बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आपण स्वतः पाहिलं. तिसऱ्या दिवशी एक समिती त्यांच्या घरी गेली आणि म्हशीचं नागरिकत्व सिद्ध करण्याची त्यांना संपूर्ण संधी दिली. त्यासाठी सरकारी पिवळा बिल्ला दाखवणं पुरेसं होतं. बिल्ला म्हशीच्या कानात होता.

चांदीचं दूध रोज नसीर मोजून घेई. पौडचा माणूस, वाडीत दूध संकलन केंद्र चालवतो. इथल्या प्रत्येक जनावराला तो माणसांपेक्षा चांगला ओळखतो. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, ती चांदीच होती ना?"

त्याने बरणीचं झाकण घट्ट लावलं. इकडेतिकडे पाहिलं.

"चिटणीस, मावशीनं म्हैस वळखली तर तिला लोक येडी म्हनतात. मी वळखली तर काय म्हनतील, तुमीच सांगा."

मी विषय बदलून दुधाचा भाव विचारला. पण त्या संध्याकाळपासून त्याचा टेम्पो केंद्र बंद झाल्यावर टेकडीच्या बाजूने फिरताना दिसू लागला. विचारलं तर म्हणे, गाडीची सर्व्हिसिंग केलीय, चालवून बघतोय.

गोजराबाईंच्या दारावरून लोक मान वळवून जाऊ लागले, हे ऋषिकेशला फोनवर कळलं. गुरुवारी तो आला, तो सरळ वाचनालयात. टीव्हीचा आवाज त्याने स्वतः बंद केला, आणि भर सभेत म्हणाला, "तो व्हिडिओ मी केला होता. धरण आपलं. म्हैस आजीची. आजी खरं बोलतेय. चूक माझी आहे."

चॅनेलला हे कळलं तर काम जाणार होतं आणि महाळुंग्याच्या फ्लॅटचा हप्ता तर कुठे जात नव्हता. तरी तो बोलला. मला त्याचं कौतुक वाटलं. सभेला वाटलं नाही.

त्याने मोबाइलवर मूळ व्हिडिओ दाखवला. दयानंदांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला.

"ह्यात आभाळ निळं हाय. टीव्हीवर तांबडं हुतं."

"ते मी लाल केलं, काका."

"आभाळ तू तांबडं केलंस?" सभा खो-खो हसली.

"कॉम्प्युटरवर करता येतं. भिंतपण मीच पाडली."

"बरं. आन संगीत कुटाय ह्यात?"

ऋषिकेशने मोबाइल खिशात घातला. दयानंदांनी त्याच्या पाठीवर मायेने हात ठेवला. "पोरा, तू केलास त्यो येगळा. ह्यो टीव्हीवर दाखवलाय."

आवाज पुन्हा चालू करण्यात आला.

ऋषिकेश बाहेर पायरीवर जाऊन बसला. डोळे पुसत होता. गोजराबाई शेजारी टेकल्या. "रडू नगंस. तू खरं बोल्लास, मी ऐकलं. आता ऊठ, म्हैस हुडीक."

शनिवारी नसीरला पत्ता लागला. कासार आंबोलीत एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात म्हैस बसली होती. मालक पुण्याहून पोहायला आले, तेव्हा त्यांना ती दिसली. राखणदार आठवडाभर तिला बाहेर काढायला झटत होता आणि चारा घालून घालून त्याने तिला आणखीच रुळवलं होतं. तो, गोजराबाई आणि ऋषिकेश टेम्पोने गेले. गोजराबाई काठावर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "चांदे, ये गं माझी बाय." म्हैस उठली, पायऱ्या चढून बाहेर आली आणि म्हातारीच्या खांद्यावर तिने ओलं तोंड ठेवलं. नसीर म्हणतो, त्याला काही दिसलं नाही, कारण त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता.

त्याच संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली होती. वाडीत सुतकी वातावरण होतं. मध्यंतरातच पिक्चर बंद पडावा तशी माणसं उठायला तयार नव्हती. अशात टेम्पोतून चांदी उतरली. कपाळाचा ठिपका तोच, शिंग तेच, कानात पिवळा बिल्ला. समितीने आकडा तपासला. म्हैस भारतीय निघाली.

आता टीव्ही खोटा म्हणावा तर देशाचं काय, आणि म्हैस खोटी म्हणावी तर ती समोर उभी. दयानंदांनी क्षणभर डोळे मिटले.

"म्हंजे आपली म्हैस तिकडं गेली हुती," ते म्हणाले, "आन धरान फोडून माघारी आली."

असा जल्लोष वाडीने पाहिला नव्हता. दोघंही खरे ठरले होते, टीव्ही आणि गोजराबाई. जे मान वळवून जात होते तेच आता शाल आणि नारळ घेऊन आले. कुणी तरी डीजे सांगायला निघाला. तशा गोजराबाई विळा घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"हार घाला, शाल घाला, काय घालायचं ते घाला. पर आवाज करायचा न्हाई. एक फटाका वाजला तर बगा. प्वाटुशी हाय ती."

म्हणून विजयाची मिरवणूक मुकाट्याने निघाली. माणसं चपला हातात घेऊन चालली. पोरांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. चांदीने वाटेत हार खाल्ला. वाडीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती, आणि ती विजयाच्या नावाखाली मिळाली, हे विशेष. श्रावणात चांदी सुखरूप व्यायली. रेडी झाली.

ऋषिकेशला मात्र चैन पडेना. त्याने मूळ व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. निळं आभाळ, उभं धरण, आणि शेवटी गोजराबाई स्वतः सांगतात, की ही माझी म्हैस आहे, हे आमचं धरण आहे, कुणाचं काही फुटलेलं नाही. लाखो लोकांनी तो पाहिला आणि हजारोंनी खाली प्रतिक्रिया लिहिल्या. कुणी म्हातारीला विकलेली म्हटलं, कुणी तिला पलीकडच्या देशात जाऊन राहायला सांगितलं, काहींनी म्हशीचाही धर्म काढला.

गोजराबाईंना वाचता येत नाही. दुपारी त्या गोठ्यात रेडीला गोंजारत बसतात आणि मी त्यांना एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवतो. परवा त्यांनी विचारलं, "ही आपल्या वाडीतली मान्सं हायेत का?"

"नाही मावशी. आपल्या वाडीतल्यांनी मिरवणूक काढली. ही बाहेरची आहेत. शिकलेली. कथा-बिथा वाचणारी."

त्यांनी रेडीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "वाच बाबा समद्यांचं. नावासकट वाच."

चिटणीसपणाच्या सवयीने मी त्या प्रतिक्रिया आडनावांप्रमाणे लावून घेतल्या आहेत. काल 'ग' संपला. तुमचं आडनाव कुठल्या अक्षरावरून सुरू होतं?